चुका जमवणाऱ्या बाई

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरची कॉलेजातली पोरं, सगळेच. दाराच्या पाटीवर नाव होतं, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. वर्तकनगरमधल्या त्या जुन्या चार मजली बिल्डिंगीत बाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. महापालिकेच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “वर्ग मोठा होता.”

आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मी, माझा नवरा नितीन आणि आमची सई. सई तेव्हा तिसरीत होती, इंग्रजी शाळेत. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून मी सहाला सुटायचे, घरी येऊन कुकर लावायचे आणि सात वाजता सईचा अभ्यास घ्यायला बसायचे. बसायचे म्हणजे मी ओरडायचे आणि ती गप्प राहायची. साडेआठपर्यंत. रोज.

एका संध्याकाळी त्या ओरडण्याच्या मध्येच बेल वाजली. दारात बाई. फिकट सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि दोन्ही मनगटांवर घड्याळ. (उजव्या हातातलं पाच मिनिटं पुढे असायचं. ते घंटेचं, असं त्या सांगायच्या.)

“तुमचा आवाज फार स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “खाली बसल्या बसल्या मला ‘ब्युटिफुल’चं स्पेलिंग पाठ झालं. तिला झालं का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “सॉरी, तुम्हाला त्रास झाला.”

“मला कुठे झाला? तिला विचारा.” मग त्यांनी हात पुढे केला. “मराठीची वही बघू.”

चपला नीट जोडून ठेवून त्या आत आल्या, सोफा सोडून जमिनीवर बसल्या आणि वही अगदी पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मी पुढचं वाक्य ऐकायला तयार होऊन उभी होते. अक्षर खराब आहे, सराव कमी पडतो, आई-वडील दोघे नोकरीला ना, वगैरे. गेली दोन वर्षं तेच ऐकत होते. बाई एका पानावर थांबल्या आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला.

“अय्या! ही माझ्याकडे नाही.”

सईने ‘मासा’ लिहिताना काना अक्षराच्या उजवीकडे द्यायच्या ऐवजी डावीकडे दिला होता. बाईंनी पिशवीतून एक छोटी वही काढली आणि ती चूक जशीच्या तशी उतरवून घेतली. मग सईला विचारलं, “काना इकडे का गं काढलास?”

सई माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी मला स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. मी आत गेले, पण कान बाहेरच होते. बऱ्याच वेळाने सईचा बारीक आवाज आला, “वेलांटी तिकडेच असते ना. ‘मि’मध्ये.”

“बरोबर. वेलांटी अक्षराच्या आधी बसते, मग कान्याने काय पाप केलंय? मराठीचं चुकलंय ते, तुझं नाही. पण आता सगळ्यांनी तसंच ठरवलंय, काय करायचं!” आणि पिशवीतल्या पावडरच्या जुन्या डब्यातून त्यांनी एक भाजलेला शेंगदाणा काढून सईच्या तळहातावर ठेवला.

नव्या चुकीला एक शेंगदाणा, हा बाईंचा कायदा होता. जुनीच चूक परत केली तर काही नाही, बरोबर लिहिलं तरी काही नाही. त्यांच्या घरात भिंतीतल्या कपाटात अशा वह्या ओळीने लावलेल्या होत्या. चौतीस वर्षांतल्या सगळ्या मुलांच्या चुका. नावाशिवाय, फक्त इयत्ता घालून. त्यांच्या मते चुका चारच जातींच्या असतात: कानाच्या, डोळ्यांच्या, हाताच्या आणि भीतीच्या. पहिल्या तीन मुलाबरोबर येतात, चौथी शाळेत आणि घरात तयार होते. शब्द आधी बरोबर लिहून मग खोडला असेल, रबराने कागदाला भोक पडलं असेल, ओळीच्या शेवटी अक्षर बारीक बारीक होत गेलं असेल, तर ती भीतीची चूक.

चुकांचं हे वेड शाळेपुरतं नव्हतं. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली की बाई चष्मा लावून ती उतरवून घ्यायच्या. एकदा सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मनापासून कौतुक केलं, “तुमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घाच्या फार सुंदर चुका आहेत हो.” सेक्रेटरी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंना ते कळलंही नाही. त्या आपल्या पुढच्या नोटिसीची वाट बघत होत्या.

सई रोज संध्याकाळी खाली जायला लागली. मी ओरडणं कमी केलं, म्हणजे ओरडायला कुणी समोर नव्हतंच. पण सकाळ तशीच होती. शाळेची बस यायच्या आधी सईच्या पोटात दुखायचं, कधी उलटी व्हायची. युनिफॉर्मची कॉलर चावून चावून तिने विरवली होती. एकदा बाईंनी मला खाली बोलावलं आणि सईच्या शाळेतल्या चाचणीचा पेपर समोर ठेवला. पेपरवर वर नाव होतं आणि खाली काही नव्हतं.

“दोन महिन्यांपूर्वी ही पंचवीस चुका करत होती,” बाई म्हणाल्या. “आता एकही करत नाही. कोरा कागद ही सगळ्यात मोठी भीतीची चूक. पण ती तिच्या नावावर मांडू नका.”

त्याच आठवड्यात शाळेने आम्हाला बोलावलं. प्रिन्सिपल मॅडम अतिशय गोड बोलल्या. सई लव्हली चाइल्ड आहे, पण तिच्यासाठी मोअर सूटेबल स्कूलचा विचार करावा, वर्ष संपेपर्यंत वेळ आहे. बाहेर आल्यावर नितीन पार्किंगमध्ये बराच वेळ हेल्मेट हातात धरून उभा होता.

बाईंच्याच आग्रहाने आम्ही सईची तपासणी करून घेतली. सरकारी रुग्णालयाच्या चार-पाच फेऱ्या झाल्या, आणि अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला. डॉक्टर म्हणाल्या, बुद्धी उत्तम आहे, वाचन-लेखनाचा रस्ता तेवढा वेगळा आहे. मी रडले. बाईंना दाखला दाखवला तर त्या म्हणाल्या, “छान. आता तुम्हा दोघांना कळलं. तिला आधीपासूनच माहीत होतं.”

आता प्रश्न शाळेचा. दोन वाटा दिसत होत्या. घोडबंदर रोडला एक मोठी खाजगी शाळा होती. तिथे अशा मुलांसाठी वेगळी खोली, विशेष शिक्षिका, समुपदेशक, सगळं होतं. फी ऐकून नितीनने फक्त मान हलवली, पण म्हणाला, “करू आपण. ओव्हरटाइम करीन.” दुसरी वाट बाईंनी नुसती बोलता बोलता काढली. आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर महापालिकेची शाळा होती. मराठी माध्यम, म्हणजे सईवरचं एका भाषेचं ओझं तरी उतरलं असतं.

नितीन भडकला. त्याचं लहानपण कल्याणचं, माझे सासरे एका गोदामात कामाला. तो स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलेला. “मी तिथून कसा बाहेर आलोय ते माझं मला माहीत,” तो म्हणाला. “फाटकी चटई, वर्गात कुत्रं फिरायचं. माझ्या पोरीला मी परत तिथे बसवू? बाईंचं काय जातंय सांगायला? त्यांची मुलगी आहे का?”

हे त्याने घरात म्हटलं, पण आमची फरशी आणि त्यांचं छत एकच होतं. दुसऱ्या दिवशी बाई वर आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “नितीनरावांचा मुद्दा बरोबर आहे. मी काही सांगणार नाही. मी फक्त बघून येते आणि दिसलं ते सांगते. ठरवायचं तुम्ही.”

शाळा बघायची बाईंची पद्धत त्यांची त्यांचीच. ऑफिस, निकाल, ट्रॉफ्यांचं कपाट यांच्याकडे त्या ढुंकून बघायच्या नाहीत. घडीचं स्टूल घेऊन शाळेच्या गेटसमोरच्या फुटपाथवर जाऊन बसायच्या, शाळा सुटायच्या वेळी. “भरताना सगळ्या शाळा सारख्याच दिसतात,” त्या म्हणायच्या. “मुलं कशी बाहेर येतात ते बघा.”

घोडबंदरच्या शाळेसमोर त्या तीन दिवस बसल्या. पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाल्याने हटकलं, “आजी, किसको लेने आए?” बाई म्हणाल्या, “अभी ठरा नहीं है.” तिसऱ्या दिवशी तोच त्यांना पाणी आणून देत होता. चौथ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आत आल्या. विशेष शिक्षिका खरोखरच चांगली होती, तरुण, शांत, कामात मुरलेली. बाईंनी तिला अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग बाथरूमला जाते म्हणून गेल्या आणि वीस मिनिटांनी उगवल्या.

परत येताना रिक्षात म्हणाल्या, “शिक्षिका उत्तम. बाथरूमही उत्तम. पण तिच्याकडे आठवड्यातून दोनदाच जायचं, अर्धा अर्धा तास. बाकीचे तास मूल कुठे असतं? आणि एक बघितलंस का? त्या खोलीतली मुलं सुटताना वेगळ्या जिन्याने उतरतात. गर्दीत धक्का लागू नये म्हणून असेल, वाईट हेतू नसेल. पण ती पाचच मिनिटं आधी सुटतात आणि गेटवर एकटी उभी राहतात. बाकीची मुलं येईपर्यंत गाडीत बसून गेलेली असतात.”

महापालिकेच्या शाळेबद्दलही त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. नळाला पाणी नाही. दोन वर्गांवर एक शिक्षक. ज्या चौथीच्या वर्गाबद्दल त्यांनी ऐकलं होतं, तिथल्या भोईर मॅडम आठ दिवस कसल्याशा सर्व्हेच्या कामावर बाहेर, मुलं नुसती बसून. बाई नवव्या दिवशी परत गेल्या. त्या दिवशी नितीनही गेला. मी पाठवलं नव्हतं. त्याने हाफ डे टाकला होता, हे मला नंतर कळलं.

त्याने काय पाहिलं ते त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. शाळा सुटली, मुलं धावत बाहेर आली, पण भोईर मॅडमचा वर्ग येईना. हे दोघे आत गेले. वर्गात मुलं आगगाडीसारखी एकामागे एक जमिनीवर बसली होती आणि मागचा पुढच्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढत होता. सगळ्यात पुढची मुलगी ते फळ्यावर लिहायची. शेवटून ‘ळ’ निघाला होता आणि पुढे पोचेपर्यंत त्याचं भलतंच काहीतरी झालं होतं. सगळा वर्ग खिदळत होता, मॅडमसुद्धा. मॅडम बाळकुमच्या, तिथल्या जुन्या गावातल्या. नितीनला बघून म्हणाल्या, “घंटा झाली काय? जावा रे पोरांनो, घरी जावा.” पोरं हलेनात.

“ही शाळा चांगली नाही,” बाई येताना नितीनला म्हणाल्या. “हा वर्ग चांगला आहे. आणि वर्ग वर्षापुरता असतो, एवढं लक्षात ठेवा.”

नितीन घरी आला, जेवला, ताट उचलून ठेवताना पाठमोराच म्हणाला, “एक वर्ष. फक्त एक वर्ष बघू.”

ते वर्ष फार चांगलं गेलं असं मी म्हणणार नाही. माझ्या जावेने तोंडावर विचारलं, “महापालिकेत? काय गं, काही अडचण आहे का?” पावसाळ्यात वर्ग गळायचा. शाळेत पाणी नसायचं म्हणून सई दोन बाटल्या घेऊन जायची. पण तिची उलटी पहिल्या पंधरवड्यात थांबली. पहिल्या दिवशी ती दारातच उभी राहिली होती. भोईर मॅडम म्हणाल्या, “इकरं ये गो. तुला काय येतंय ते आधी सांग, काय येत नाय ते मी नंतर बघीन.” सईने सांगितलं, मला चित्र येतं. मॅडमनी तिला अख्ख्या शाळेचा नकाशा काढायला बसवलं. चार दिवस ती तोच काढत होती आणि त्यातल्या खोल्यांची नावं लिहिताना तिने आपणहून चाळीसएक शब्द लिहिले. त्या दिवशी बाईंचा शेंगदाण्यांचा डबा रिकामा झाला.

पाचवीतही वर्ग भोईर मॅडमकडेच राहिला. नितीन ‘एक वर्ष’ विसरून गेला. आणि दिवाळीनंतर मॅडमची बदली झाली.

नवीन सर तरुण होते. वाईट नव्हते. दोन वर्ग सांभाळायचे, पोर्टलवर माहिती भरायची, खिचडीचा हिशेब ठेवायचा, त्यात त्यांनी सईला सगळ्यांसमोर धडा वाचायला उभं केलं. तिला एक शब्द फुटेना. मुलं हसली नाहीत, पण सरांना वाटलं ती हट्टीपणा करतेय. त्यांनी तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि मग दोन वर्गांच्या गडबडीत तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं. आठवड्याभरात सई पुन्हा कॉलर चावायला लागली.

बाईंना हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्या सईबरोबर शाळेत गेल्या. मुख्याध्यापक एकेकाळी बाईंच्या हाताखाली नवशिके म्हणून आलेले. त्यांना नाही म्हणता येईना. बाई शेवटच्या रांगेत सईच्या शेजारी मांडी घालून बसल्या. एकाहत्तराव्या वर्षी. पुस्तक, वही, पेन्सिल, सगळं घेऊन. सरांनी हजेरी घेतली, बाईंनी आपला नंबर नाही म्हणून तक्रार केली. सर फळ्यावर लिहायचे, बाई वहीत उतरवायच्या. मधल्या सुट्टीत सईबरोबर खिचडी खायच्या. बिल्डिंगमध्ये ही गोष्ट पसरली, पोरं विचारायला लागली, “बाई, होमवर्क झाला का?”

मला खरं सांगायचं तर तेव्हा फार मजा वाटत होती. वाटत होतं, आता सर सुतासारखे सरळ होतील.

पाचव्या दिवशी बाई अकरालाच घरी आल्या. एकट्या. मी सुट्टीवर होते. त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकला.

“आज सरांनी फळ्यावर ‘विद्यार्थी’ लिहिलं,” त्या म्हणाल्या. “आधी बरोबर लिहिलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग पुसलं आणि चुकीचं लिहिलं.”

मला आधी हसूच आलं. त्यांचं तोंड बघून ते विरलं.

“अगं, भीतीची चूक होती ती. मोठ्या माणसाच्या हातून मी पहिल्यांदा पाहिली, आणि तीही मी करवलेली. तासानंतर तो तरुण सर माझ्याजवळ आला. म्हणाला, बाई, तुम्ही मागे बसलात की मला बरोबर लिहिलेलंही चुकीचं वाटतं. मी त्याची माफी मागितली. सगळ्या वर्गासमोर. चुकलं माझं.”

त्या दिवशी बाई पहिल्यांदा स्वतःविषयी बोलल्या. मी विचारलं नव्हतं. चहा निवून गेला तरी त्या बोलत होत्या.

चुकांच्या वह्या त्यांनी कशासाठी सुरू केल्या माहीत आहे? हसण्यासाठी. नोकरीची पहिली वर्षं होती. शिक्षकांची सहल जायची, तेव्हा प्रत्येकाने मुलांच्या पेपरमधल्या गमती वाचून दाखवायच्या, अशी पद्धत होती. बाईंचा हात त्यात धरणारं कुणी नव्हतं. त्या खास वही घालून, तेव्हा नावानिशी, जमवायच्या, आवाज काढून वाचायच्या, लोक पोट धरून हसायचे. तिसऱ्या वर्षी सहलीच्या आदल्या दिवशी त्या वही नीट लावत बसल्या होत्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, सगळ्यात हसवणाऱ्या चुका एकाच मुलीच्या आहेत. आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या आहेत. ती मुलगी गंमत करत नव्हती, तिला तसंच दिसत होतं. बाई सहलीला गेल्या नाहीत. सोमवारी वर्गात गेल्या तर ती जागा रिकामी. तिचं नाव काढून तिला गावी पाठवलं होतं, शिक्षण झेपत नाही म्हणून. “‘झेपत नाही’ हा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकावर माझ्याच अक्षरात होता,” बाई म्हणाल्या. “शुद्ध. एकही चूक नव्हती त्यात.”

मी त्यांचा कप उचलला आणि नवीन चहा टाकला.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “भोईरची बदली कुठे झालीय गं?”

भोईर मॅडमची बदली बाळकुमकडच्या महापालिका शाळेत झाली होती. पायी जाण्यासारखं नव्हतं, आणि वर्षाच्या मध्येच शाळा बदलायची म्हणजे कागदांचा ढीग. मला वाटलं नितीन उखडेल. आधीच एक शाळा सोडलेली, आता दुसरीही. तर तोच म्हणाला, “शाळेच्या मागे कुठे लागलोय आपण? बाईमाणूस चांगली आहे, तिच्या मागे जाऊ.” जानेवारीपासून रोज सकाळी तो सईला स्कूटरवरून बाळकुमला सोडायचा आणि तिथून कामावर जायचा. तीन वर्षं. शाळेच्या गेटवर तो इतका ओळखीचा झाला की नवीन पालक त्यालाच विचारायचे, इथे कसं आहे? नितीन सांगायचा, “पाण्याची बोंब आहे. पण सुटताना बघा एकदा.”

मधलं दीड वर्ष साथीमुळे शाळा मोबाइलमध्ये गेली, तेवढी स्कूटर थांबली. स्क्रीनवरची अक्षरं सईला आणखीच पळायची. तेव्हा बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायच्या, मास्क लावून, आणि सई वरच्या. बिल्डिंगमधली आणखी दोन-तीन मुलं मधल्या पायऱ्यांवर येऊन बसायची. सेक्रेटरींनी जिन्यात गर्दी करू नये अशी नोटीस लावली. बाईंनी ती उतरवून घेतली.

आठवीनंतर पुन्हा तोच प्रश्न. दहावीला जादा वेळ, लेखनिक, हे सगळं मिळवून द्यायचं तर त्यातलं कळणारं ऑफिस हवं. स्टेशनकडची एक जुनी खाजगी शाळा त्यासाठी बरी, असं भोईर मॅडमच म्हणाल्या. मला भीती वाटत होती की बाई नाराज होतील. त्या मलाच रागावल्या. “शाळा म्हणजे काय सासर आहे, एकदा दिली की दिली? तिला विचार.” सई स्वतः जाऊन, स्टूल घेऊन, त्या शाळेच्या गेटसमोर दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “चालेल. गर्दी खूप आहे, पण पोरं एकमेकांसाठी थांबतात.”

दहावीत तिला बावन्न टक्के मिळाले. चित्रकलेत मात्र ती शाळेत पहिली होती. सध्या आयटीआयला आहे, इमारतींचे नकाशे काढायला शिकतेय. वाचायला तिला अजून वेळ लागतो. लागणारच आहे. फॉर्म भरताना ती अजून मला फोन करते, पण आता रडत नाही, वैतागते.

आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. आम्ही बाळकुमला भाड्याने आलो आणि बाई टिटवाळ्याला, भाच्याच्या नव्या फ्लॅटमध्ये. जाताना वह्यांचं काय करायचं म्हणून भाचा डोकं धरून बसला होता. त्या सगळ्या गेल्या त्यांच्याबरोबर, टेम्पोत पुढच्या सीटवर. पण तिथे गेल्यावर बाईंचे डोळे अधू होत गेले. पडद्याचं दुखणं, त्याला इलाज नाही म्हणाले. आता त्यांना उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, अक्षर नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिघं भेटायला गेलो होतो. बाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, हडकुळ्या झालेल्या, पण केस चापून बसवलेले. भाचा तक्रारीच्या सुरात म्हणाला, “मी रोज पेपर वाचून दाखवतो, तर ऐकत नाही मावशी. म्हणते तू फार भरभर वाचतोस, मला काही दिसत नाही.”

“वाचताना दिसलं पाहिजे,” बाई म्हणाल्या. “सई, तू वाच बरं.”

सईने माझ्याकडे बघितलं. तिने कधीच कुणासमोर मोठ्याने वाचलेलं नाही, अगदी आमच्यासमोरही. मी काहीतरी निमित्त काढणार होते, पण तिने पेपर घेतला आणि खुर्ची बाईंजवळ ओढली. कल्याणच्या खाडीवरच्या नव्या पुलाची बातमी होती. ती बोट ठेवून वाचायला लागली. एक शब्द, मग दुसरा. कधी अर्धा शब्द, मग परत मागे. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि त्यांचे ओठ हलकेच हलत होते. नितीन गॅलरीच्या कठड्याला धरून बाहेर बघत होता.

मध्येच एक मोठा शब्द आला आणि सई अडली. बोट त्याच्याखाली पुढे-मागे फिरत राहिलं. एक मिनिट गेलं असेल, कदाचित जास्त. भाचा पुढे वाकला, शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. बाईंनी डोळे न उघडता चाचपत त्याचं मनगट पकडलं आणि घट्ट धरून ठेवलं.

“लो... लोका... लोकार्पण,” सई म्हणाली.

बाईंनी मनगट सोडलं.

“हां. पुढे.”